पुढच्या महिन्याची ड्युटी लावण्याआधी : रुग्णालय व्यवस्थापनांना खुले पत्र

प्रति,
माननीय अधिसेविका (मेट्रन), मनुष्यबळ विभाग आणि व्यवस्थापन,
पन्नास ते दोनशे खाटांची खासगी व धर्मादाय रुग्णालये, महाराष्ट्र

विषय : परिचारिकांचा ताण आणि ड्युटी चार्ट

स. न. वि. वि.

दरवर्षी १२ मेच्या आठवड्यात, परिचारिका दिनानिमित्त, आपल्याकडे एक व्याख्यान ठरलेले असते. विषय ‘वेळेचे नियोजन’, नाहीतर ‘ताणमुक्त जीवन’. पाहुणे फळ्यावर चार चौकोन काढतात, तातडीचे काय आणि महत्त्वाचे काय ते समजावतात, पाच मिनिटे दीर्घ श्वसन करून घेतात. मग गुलाबाचे फूल, स्टीलची बाटली आणि ग्रुप फोटो. समोर बसलेल्यांपैकी काही जणी नाइट करून न झोपता थांबलेल्या असतात. उरलेल्यांचे डोळे घड्याळाकडे, कारण दोन वाजता त्यांची इव्हिनिंग असते.

पाहुण्यांचे सांगणे चुकीचे नसते. पण ज्याचा दिवस त्याच्या स्वतःच्या हातात आहे, त्याच्यासाठी ते असते. सिस्टरचा दिवस ड्युटी रूमच्या भिंतीवरच्या एका कागदावर ठरतो आणि तो कागद आपण भरता. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असे हे दरवर्षी चालते. म्हणून हे पत्र सिस्टर-ब्रदरांना न लिहिता चार्ट भरणाऱ्यांना लिहीत आहोत. लिहिणारे आम्हीही वॉर्डात काम करणारे आणि वॉर्डाच्या ड्युट्या लावणारेच आहोत. माणसे कमी, लग्नसराईत रजेचे अर्ज ढीगभर आणि ऐनवेळी दोघींना ताप, ही कसरत आम्हाला नवी नाही.

आधी एक आठवडा नजरेखालून घालू. बहुतेक ठिकाणी सकाळी ८ ते २, दुपारी २ ते ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८ अशा तीन ड्युट्या असतात. समजा एखाद्या सिस्टरला सोमवारी इव्हिनिंग, मंगळ-बुध मॉर्निंग, गुरु-शुक्र नाइट, शनिवारी ऑफ आणि रविवारी मॉर्निंग लागली आहे. कागदावर ४८ तास भरले, एक ऑफ दिला, कुणाची तक्रार यायचे कारण नाही. आता हाच आठवडा तिच्या बाजूने मोजा. सोमवारची इव्हिनिंग आठला संपते, ओव्हर देऊन (पुढच्या ड्युटीच्या सिस्टरकडे पेशंट सोपवून) निघेपर्यंत पावणेनऊ, घरी पोचायला साडेनऊ-दहा, जेवण आणि ओटा आवरून पाठ टेकेपर्यंत साडेअकरा. सकाळी डबे करायला साडेपाचला उठायचे. मधली विश्रांती कागदावर बारा तास, झोप सहा तास. तीही सलग लागली तर.

गुरुवारी ती नेहमीसारखी साडेपाचला उठते. दुपारी मुलांची शाळा, पाहुणे, बँक यात झोप होत नाही. रात्री आठला ड्युटीवर येते आणि साडेदहालाच तिला जागून सतरा तास होतात. सलग १७ तास जागे राहिल्यावर हात आणि डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतका बिघडतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्येच मोजून दाखवले. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे दारू पिऊन गाडी चालवली तर पोलीस ज्या अवस्थेत पकडतील, त्याहून वाईट अवस्थेत ती साडेदहापासून इन्सुलिन भरते, आणि सकाळी आठला, साडेसव्वीस तास जागी असताना, स्कूटीला किल्ली लावून घरी निघते.

शनिवारचा ‘ऑफ’ हा तर चार्टातला सगळ्यात मोठा खोटा आकडा. शनिवारी सकाळी आठपर्यंत ती आपल्याच वॉर्डात होती. दहाला घरी, अकरा ते तीन झोप, मग डोके जड. रात्री झोप लागत नाही. रविवारी सकाळी आठला पुन्हा हजर. त्या आठवड्यात तिला ऑफ मिळालाच नाही, फक्त चार्टावर ‘ऑफ’ लिहिले गेले.

यावरचा उपाय फारसा खर्चिक नाही. शरीराचे घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित जास्त लांबीचे असते, त्यामुळे उशिरा झोपणे त्याला जमते आणि लवकर झोपणे जड जाते. म्हणून ड्युट्या नेहमी पुढे सरकल्या पाहिजेत : मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाइट, मग विश्रांती. इव्हिनिंगनंतर दुसऱ्या दिवशी मॉर्निंग नको. नाइटनंतर इव्हिनिंग तर नकोच नको. आणि नाइट करून आल्याच्या दिवसाला चार्टात वेगळे अक्षर द्या. आम्ही ‘झो’ लिहितो, झोपेचा झो. ‘ऑ’ त्यानंतरच्या दिवसाला. अक्षर वेगळे केले की चार्ट लावणाऱ्याला ती फसवणूक करताच येत नाही.

हे सगळे बसवणारे एक चक्र आठ दिवसांचे आहे :

मॉ – मॉ – इ – इ – ना – ना – झो – ऑ

चार जणी घ्या आणि प्रत्येकीला आधीच्यापेक्षा दोन दिवस मागून सुरू करा. कोणताही दिवस काढून पाहा : एक मॉर्निंगला, एक इव्हिनिंगला, एक नाइटला आणि एक विश्रांतीवर सापडेल. प्रत्येकीचे आठ दिवसांत ४८ तास होतात, म्हणजे आठवड्याला ४२. शेवटच्या नाइटहून सकाळी आठला सुटल्यापासून पुढच्या मॉर्निंगपर्यंत बरोबर ४८ तास मिळतात : पहिला दिवस झोपेचा, दुसरा खरोखरचा मोकळा. शिवाय कुणाची कोणती तारीख मोकळी आहे हे सहा महिने आधी सांगता येते. भाच्याच्या मुंजीला जायचे की नाही हे आदल्या दिवशी अधिसेविकांच्या केबिनबाहेर उभे राहून ठरवावे लागत नाही.

अडचणीही सांगतो, कारण त्या पहिल्याच महिन्यात समोर येतात. ऑफ दर आठवड्याला एक दिवस पुढे सरकतो, त्यामुळे रविवार आठ आठवड्यांतून एकदाच वाट्याला येतो. ज्यांना रविवारच हवा त्या नाराज होतात. त्यांना आपसात बदलून घेऊ द्या, पण एका अटीवर : बदलल्यानंतरही दोघींचा क्रम पुढेच सरकला पाहिजे. ही अट घातली नाही तर ‘तू माझी मॉर्निंग कर, मी तुझी नाइट करते’ म्हणत महिन्याभरात चार्ट पहिल्यासारखा होतो. दुसरी अडचण हजेरीच्या सॉफ्टवेअरची. ते सोमवार ते रविवार मोजते, त्यामुळे ज्या आठवड्यात फक्त ‘झो’ येतो आणि ‘ऑ’ पुढच्या सोमवारी पडतो, तिथे लाल रेघ दाखवते. साप्ताहिक सुटीच्या नियमाशी हे कसे जुळवायचे ते आपल्या कामगार सल्लागाराला आधीच विचारून घ्या. चार्ट लावून झाल्यावर विचारलेत तर तो बंदच करा म्हणेल.

नाइट किती लागोपाठ लावायच्या यावर वॉर्डातच एकमत नसते. बऱ्याच ठिकाणी सात किंवा चक्क पंधरा नाइट एकदम लावतात. चार्ट सोपा होतो आणि सिस्टरही म्हणतात की एकदाच काय ते होऊन जाऊ दे. आमचे मत स्पष्ट आहे : दोन, फार तर तीन. सात दिवसांत शरीर रात्रीला सरावते हा समज आहे. सकाळी घरी जाताना अंगावर पडणारे ऊन आणि घरातला दिवसाचा गलका ते घड्याळ रोज पुन्हा जागेवर आणतात. झोपेची तूट मात्र रोज साठत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आहे, हेही कॉन्फरन्स हॉलमध्ये कधी सांगितले जात नाही. स्वखुशीने कायम नाइट मागणारी एखादी असते. तिला द्या, पण लेखी घ्या आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा विचारा.

आता माणसांचा हिशेब. कुठल्याही युक्तीने हा टाळता येत नाही. एका जागेवर तिन्ही ड्युट्यांना एकेक जण हवा असेल तर वर्षाला ३ गुणिले ३६५, म्हणजे १०९५ ड्युट्या होतात. वरच्या चक्रात एक सिस्टर वर्षाला सुमारे २७४ ड्युट्या करते. अर्जित, किरकोळ, आजारपण आणि सणाच्या सुट्ट्या मिळून ३५ वजा करा, उरल्या २३९. भागाकार येतो साडेचारच्या थोडा वर. म्हणजे वॉर्डात दर ड्युटीला चार जणी हव्या असतील तर पटावर १६ पुरत नाहीत, १८ ते १९ लागतात. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष रजा-राखीव म्हणून तीस टक्के धरायला सांगतात. आमचा हिशेब त्यापेक्षा बराच कंजूष आहे आणि त्यात प्रसूती रजा धरलेलीही नाही.

राखीव माणसे न धरता चार्ट लावला की रजेवर गेलेल्या प्रत्येकीची ड्युटी कुणाच्या तरी ऑफमधून कापली जाते. यालाच आपण नंतर ‘स्टाफला टाइम मॅनेजमेंट जमत नाही’ म्हणतो. आणि दर ड्युटीला दोघी हव्या असून पटावर सहाच जणी असतील, तर कुठलाही चार्ट लावा, प्रत्येकीच्या वाट्याला आठवड्याला सरासरी ५६ तास येणारच. तिथे चार्टाचा दोष नाही आणि या पत्राचाही उपयोग नाही. माणसे घ्या, नाहीतर खाटा कमी करा.

सकाळी सहाला व्हॉट्सॲप ग्रुपवर येणारा ‘कोणी येऊ शकेल का? अर्जंट’ हा मेसेज आपल्याला किरकोळ वाटत असेल. त्याने होते असे की ऑफ असलेल्या सगळ्या जणी फोन उशाशी घेऊन झोपतात आणि ऑफचा निम्मा उपयोग तिथेच संपतो. दुसरे म्हणजे उत्तर नेहमी त्याच दोघी-तिघी देतात : हॉस्टेलवर राहणाऱ्या, नवीन लागलेल्या, बाहेरगावच्या, ज्यांना नाही म्हणायची भीती वाटते. त्याऐवजी रोजच्या चार्टातच एक नाव ‘राखीव’ म्हणून लिहा, त्या दिवसाचा थोडा भत्ता द्या आणि फोन फक्त तिलाच करा. ती आली तर पूर्ण ड्युटी आणि बदली ऑफची तारीख त्याच दिवशी लिहून द्या. ‘नंतर बघू’ म्हटलेला बदली ऑफ कुणालाही मिळालेला नाही. डबल ड्युटी करावीच लागली तर मॉर्निंगला जोडून इव्हिनिंग, बारा तास, इतकेच. इव्हिनिंगला जोडून नाइट म्हणजे अठरा तास. ते कुठल्याही कारणाने नको, पेशंटसाठीसुद्धा नको. खरे तर पेशंटसाठीच नको.

चार्ट महिन्याचा लावा आणि आदल्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत लावा. शनिवारी रात्री सोमवारपासूनचा चार्ट लागतो तिथे माणसे कशाचेच नियोजन करत नाहीत, कारण करून उपयोग नसतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७७ साली परिचर्या कर्मचाऱ्यांसाठी केलेल्या शिफारशीत दोन ड्युट्यांमध्ये सलग किमान बारा तासांची विश्रांती असावी आणि वेळापत्रक पुरेसे आधी कळावे, असे म्हटले आहे. जवळजवळ पन्नास वर्षे झाली. चार्ट लागल्यावर बदल करायचा तर त्या सिस्टरची सही घेऊन करा. किती बदल झाले ते महिनाअखेरीस मोजा. हा एकच आकडा वॉर्डाची नाडी आहे.

ओव्हरबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण वेळ सर्वात जास्त तिथेच गळतो आणि तो कुणाच्याच हिशेबात नसतो. आठला संपणारी ड्युटी पावणेनऊला का संपते? पहिले कारण, ड्युट्यांची वेळ एकमेकींना नुसती टेकलेली असते, एकमेकींवर चढलेली नसते. एकीची वेळ आठला संपते आणि दुसरीची आठला सुरू होते. मग ओव्हर द्यायचा कुणाच्या वेळेत? अर्थातच घरी जाणारीच्या, फुकट. वेळ ८ ते २.३०, २ ते ८.३० आणि रात्री ८ ते सकाळी ८.३० अशी करा आणि ती अर्धा तास पगारी धरा. वरच्या चक्रात आठवड्याचे तास ४२ वरून साधारण ४४.६ होतात, ४८ च्या आतच राहतात. (आणि यात इव्हिनिंग ते मॉर्निंगचे अंतर साडेअकरा तास उरते, म्हणजे ती जोडी लावायची नाही हे आपोआप ठरते.)

दुसरे कारण, एक जण सगळ्या चोवीस खाटांचा ओव्हर सगळ्यांना देते आणि बाकीच्या वह्या धरून उभ्या राहतात. त्याऐवजी जिच्याकडे ज्या खाटा, तिने त्याच खाटा घेणारीला पेशंटच्या उशाशी उभे राहून ओव्हर द्यावा. चार गोष्टी, याच क्रमाने : आत्ता काय आहे, मागे काय झाले, आपल्याला काय वाटते, पुढे काय करायचे. सलाइन किती उरली, इन्फ्युजन पंपाचा रेट काय, कॅथेटर आणि कॅन्युला कोणत्या तारखेची, कोणता रिपोर्ट यायचा आहे आणि तो कुणाला कळवायचा, हे सांगताना दोघींनी डोळ्यांनी बघायचे. सहा खाटांना पंधरा-वीस मिनिटे पुरतात. जे पेशंटसमोर बोलायचे नाही, ते आधी दाराबाहेर.

तिसरे कारण सामानाची मोजणी. थर्मामीटर, बीपीचे यंत्र, चादरी, नेब्युलायझरचे मास्क, हे सगळे दिवसातून तीनदा मोजायचे आणि एक कात्री कमी भरली की घरी जाणारीला थांबवायचे. नार्कोटिक्सचे (गुंगीच्या, नोंद ठेवायच्या औषधांचे) कपाट आणि क्रॅश कार्ट (आणीबाणीची ट्रॉली) प्रत्येक ओव्हरला तपासलेच पाहिजे, त्यात तडजोड नाही. चादरी आणि कात्र्या चोवीस तासांतून एकदा मोजल्या तर काही बिघडत नाही. ते काम स्टोअरकडे किंवा वॉर्डच्या मावशींकडे द्या आणि सिस्टरच्या पगारातून कापायची प्रथा बंद करा. तीन-चारशे रुपयांच्या बीपी कफसाठी शेवटची बस चुकवायला लावणे हा कुठल्याही हिशेबाने तोट्याचा व्यवहार आहे.

ओव्हरच्या आड येणारी आणखी एक गोष्ट, जी वर्षानुवर्षे कुणाला खटकत नाही. औषधांच्या वेळा ८-२-८. ड्युट्या बदलायच्या वेळा ८-२-८. म्हणजे दिवसातून तीनदा, बरोबर ज्या वेळी एक जण निघायच्या घाईत आणि दुसरी नुकतीच आलेली, तेव्हाच ट्रॉली फिरायला हवी. मग डोस कुणी दिला, दिला की नाही, दोनदा दिला का, हे घोळ तिथेच होतात. दोन वेळची औषधे ९-९ करा, आठ तासांनी द्यायची इंजेक्शने ७-३-११ करा. सहा तासांची ६-१२-६-१२ आहे तशीच राहू द्या, ती ओव्हरच्या मध्ये येत नाहीत. हा बदल जेवणाशी बांधलेली औषधे, इन्सुलिन आणि ज्यांची वेळ डॉक्टरांनी मुद्दाम लिहिली आहे ती सोडून. हे अधिसेविकांनी एकट्याने ठरवून चालत नाही. कन्सल्टंट आणि फार्मसी दोघांना बैठकीला घ्यावे लागते, कारण फार्मसीच्या खिडकीच्या वेळाही त्यानुसार सरकवाव्या लागतात. नाहीतर नऊची औषधे साडेदहाला वर येतात.

ट्रॉली फिरवणारीला मध्येच हाक मारणे थांबवा. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत औषधे देताना परिचारिकांचे निरीक्षण केले गेले. २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष आले : प्रत्येक व्यत्ययागणिक औषधातल्या चुका सुमारे बारा टक्क्यांनी वाढल्या. आपल्या वॉर्डात एका राउंडमध्ये किती हाका येतात ते एकदा बाजूला उभे राहून मोजा. फोन, बिलिंगचा माणूस, ‘सिस्टर, सलाइन संपली’, डॉक्टरांचा प्रश्न, वॉर्डबॉय मामांना कुठली खाट ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायची ते विचारायचे. औषधे देणारीला वेगळ्या रंगाचा एप्रन द्या आणि त्या वेळेपुरता वॉर्डचा फोन वॉर्ड क्लार्ककडे द्या. एप्रन दिला आणि फोन तिच्याच खिशात ठेवला, असेही पाहिले आहे. त्याचा उपयोग शून्य. भेटीची वेळही औषधांच्या वेळेपासून सरकवा.

मॉर्निंगच्या सिस्टरला सर्वात जास्त दमवणारी वेळ अकरा ते दोन. राउंड संपतो, डॉक्टर ‘यांना सोडा’ म्हणून निघून जातात आणि मग डिस्चार्ज समरी, फार्मसी रिटर्न, बिल, टीपीएची (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीची) कागदपत्रे, पथ्य समजावणे आणि त्याच खाटेवर येणारा नवा पेशंट, सगळे एकाच वेळी. नातेवाइकांची बोलणी सिस्टर खाते. यावर उपाय आदल्या संध्याकाळचा आहे. ‘उद्या सुटू शकतील’ अशी यादी सहाच्या राउंडला काढा. न लागणारी औषधे रात्री आठच्या आत परत, समरीचा कच्चा मसुदा रात्री आरएमओंनी (निवासी डॉक्टरांनी) टाइप करून ठेवायचा, विम्याची कागदपत्रे संध्याकाळीच अपलोड. सकाळी फक्त सही आणि शेवटचा आकडा राहतो. टीपीए आणि सरकारी योजनांचे फोटो काढून चढवणे हे परिचर्येचे काम नाही. त्यासाठी दोन वॉर्ड मिळून एक क्लार्क ठेवा. त्याचा पगार सिस्टरच्या पगारापेक्षा कमीच असतो, हे व्यवस्थापनाला वेगळे सांगायला नको.

रात्रीबद्दल थोडे. पहाटे तीन ते पाच शरीर सर्वात मंद असते आणि नेमके तेव्हाच आपल्याकडे रक्ताचे नमुने घ्यायचे आणि स्पंजिंग (पेशंटचे अंग ओल्या फडक्याने पुसणे) करायचे काम लावलेले असते. का? कारण लॅबला सातला नमुने हवेत आणि मॉर्निंगला वॉर्ड ‘आवरलेला’ दिसायला हवा. पेशंटलाही चारला उठवले जाते, त्यालाही झोपेची गरज असतेच. नमुने साडेसहाला घ्या आणि लॅबची वेळ तासाने पुढे करा. स्पंजिंग मॉर्निंगला वाटून द्या. पोटॅशियमसारखी जोखमीची औषधे पातळ करायचे काम शक्य तिथे मध्यरात्रीच्या आत उरका आणि पहाटे करावेच लागले तर दोघींनी लेबल वाचून करा.

नाइटला वॉर्डात दोघी किंवा जास्त असतील तर एक ते चारच्या दरम्यान पाळीपाळीने वीस ते तीस मिनिटे झोपू द्या. आज त्या खुर्चीवर लपून डुलकी काढतात आणि सुपरवायझर टॉर्च मारून मेमो देतात. डुलकी उघड करा, वेळ लिहून करा, दुसरीने खाटा सांभाळायच्या. तीस मिनिटांपेक्षा जास्त नको, कारण गाढ झोपेतून उठल्यावर डोके बधिर राहते. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटे इंजेक्शन भरायचे नाही, चालायचे, तोंड धुवायचे. एकटी सिस्टर असलेल्या वॉर्डात किंवा आयसीयूत बदली माणूस दिल्याशिवाय हे करू नका. चहा-कॉफी दोनपर्यंत, त्यानंतर नको : कॅफिन निम्मे उतरायलाच साधारण पाच तास लागतात आणि सकाळची झोप जाते. नाइटहून दुचाकीवर लांब जाणाऱ्यांसाठी रिक्षाची किंवा गाडीची सोय करा, नाहीतर हॉस्टेलवर एक अंधारी खोली आणि दोन पलंग द्या, तासभर झोपून निघतील. नाइटनंतर सक्तीचे ट्रेनिंग, मीटिंग आणि केक कापणे बंद. १२ मेचासुद्धा.

दिवसाच्या चहाचे काय? सहा तासांची ड्युटी म्हणून आपण ब्रेक लिहीतच नाही. जोड्या लावा आणि रोजच्या कामवाटपाच्या कागदावर, जिथे खाटा लिहिता तिथेच, ‘१०.३०’ आणि ‘१०.४५’ असे लिहा. न लिहिलेला ब्रेक होत नाही, आणि मूत्रमार्गाचा संसर्ग परिचारिकांत का दिसतो हे आपल्यासारख्या जाणत्यांना वेगळे सांगायची गरज नसावी.

सुरुवात सगळ्या रुग्णालयात एकदम करू नका. एक मध्यम वॉर्ड निवडा, आयसीयू नको आणि व्हीआयपी खोल्याही नकोत. तीन महिने चालवा. चार्टातले ऐनवेळचे बदल, आठनंतर ओव्हर संपायला लागलेली मिनिटे, आजारपणाच्या रजा, औषधांच्या चुका आणि थोडक्यात टळलेल्या चुका, एवढेच मोजा. पहिल्या महिन्यात चुकांचा आकडा वाढलेला दिसेल. घाबरू नका, आधी त्या लिहिल्या जात नव्हत्या म्हणून. चूक लिहिणारीला मेमो दिलात तर दुसऱ्या महिन्यात वही कोरी मिळेल आणि काहीच कळणार नाही.

सर्वात कडवा विरोध वरून नाही, बाजूने येईल. ज्यांना कित्येक वर्षे फक्त मॉर्निंग आहे त्या म्हणतील, आमचे वय झाले. काहींचे खरेच झालेले असते. लहान मूल, आजारी सासू, स्वतःचे दुखणे, ही कारणे खरी असतात आणि त्यांना सूट मिळालीच पाहिजे. फक्त या सवलतीला शेवटची तारीख लिहा. तारीख नसलेल्या सवलती साठत जातात आणि सूट मिळालेल्यांच्या वाट्याच्या सगळ्या नाइट नव्या मुलींच्या गळ्यात पडतात. त्या मुली दोन वर्षांत राजीनामा देतात आणि आपण पुन्हा जाहिरात देतो.

मॅडम, आपणही नाइट केल्या आहेत. चार्ट लावताना हे आठवावे असे म्हणणार नाही, आठवत असणारच. आमची मागणी एवढीच आहे की पुढच्या महिन्याच्या चार्टात, निदान एका वॉर्डापुरते, ‘झो’ आणि ‘ऑ’ वेगळे लिहावे, इव्हिनिंगनंतर मॉर्निंग एकदाही लावू नये आणि तो चार्ट २० तारखेला भिंतीवर असावा. व्याख्यानाचे मानधन आणि बाटल्यांचा खर्च वाचला तर राखीव ड्युटीच्या भत्त्याला तो लावता येईल.

आपल्या नम्र,
वॉर्डात काम करणाऱ्या काही परिसेविका आणि अधिपरिचारिका

ता. क. : चार्ट पेन्सिलीने लिहू नये. शाईने लिहावा.